ऑस्टिन वाचली, आता पुढे? ऑस्टिन-फॅनफिक्शनमध्ये शिरणाऱ्यांसाठी वाटाड्या

इंग्लिश कादंबरीकार जेन ऑस्टिन १८१७ साली, वयाच्या ४१व्या वर्षी गेली. मागे सहा पूर्ण कादंबऱ्या राहिल्या, काही अपुरं लिखाण राहिलं आणि थोडी पत्रं राहिली. बाकीची बरीचशी पत्रं थोरली बहीण कॅसांड्राने पुढे जाळून टाकली. एवढ्या ऐवजावर आज जगभर चाहत्यांनी लिहिलेल्या गोष्टींचं, म्हणजे फॅनफिक्शनचं, एक स्वतंत्र दालन उभं आहे. लग्नानंतर ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मधल्या डार्सी आणि एलिझाबेथ बेनेटचं कसं जमलं, मधल्या मेरी बेनेटचं पुढे काय झालं, हेच सगळं न्यूयॉर्कमध्ये किंवा पाकिस्तानात घडलं असतं तर काय, असे प्रश्न घेऊन लोक लिहीत बसतात आणि त्याहून जास्त लोक ते वाचतात.

हा उद्योग इंटरनेटने सुरू केला असं समजू नका. तो तिच्या घरातच सुरू झाला. १८६९ साली तिच्या भाच्याने तिच्या आठवणी प्रसिद्ध केल्या. त्यात तो सांगतो की घरच्यांनी विचारलं तर ती आपल्या पात्रांचं पुढचं आयुष्य सांगत असे. किटी बेनेटचं लग्न पेंबर्लीजवळच्या (पेंबर्ली ही डार्सीची इस्टेट) एका पाद्र्याशी झालं, मेरीला फिलिप्सकाकांच्या कचेरीतल्या कारकुनावर समाधान मानावं लागलं, ‘एमा’ कादंबरीतल्या एमाचे वडील तिच्या लग्नानंतर दोनेक वर्षं जगले, वगैरे. कॅथरीन हबॅक या तिच्या भाचीने तर ‘द वॉटसन्स’ ही अपुरी गोष्ट हाती घेऊन १८५० साली तिची ‘द यंगर सिस्टर’ ही कादंबरी केली. म्हणजे ‘मग पुढे काय झालं?’ हा प्रश्न विचारण्यात मूळ लेखिकेचा कसलाही अपमान नाही.

पायरी १: आधी एक कादंबरी, अथपासून इतिपर्यंत

सुरुवात ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’पासून करा. ती सर्वांत चांगली आहे की नाही यावर भांडायला पुढे भरपूर वेळ मिळेल, पण बहुतेक फॅनफिक्शन तिच्याभोवती फिरतं हे खरं. प्रकरणं ६१ आहेत आणि छोटी आहेत. प्रोजेक्ट गुटेनबर्गवर ती फुकट मिळते, लिब्रिव्हॉक्सवर वाचलेली ऐकता येते. इंग्रजी जड वाटलं तर संवाद मोठ्याने वाचा. पाच-सहा प्रकरणांत कान सरावतो, आणि मिसेस बेनेटच्या बोलण्यातली लय तर पहिल्याच प्रकरणात सापडते.

सिनेमा पाहून थेट फॅनफिक्शनकडे वळणारे खूप असतात. त्यांची अडचण अशी होते की मूळ पुस्तकात काय आहे आणि कोणी मागाहून घातलं काय, हे त्यांना वेगळं करता येत नाही. निम्मी गंमत तिथेच हुकते.

वाचताना पेन्सिल हाताशी ठेवा आणि ऑस्टिन जिथे गप्प बसते त्या जागांवर खूण करा. ती फार ठिकाणी गप्प बसते. पळून गेलेल्या विकहॅम आणि लिडियाला, म्हणजे एलिझाबेथच्या धाकट्या बहिणीला, डार्सी लंडनमध्ये जाऊन कसा शोधून काढतो, हे आपल्याला मिसेस गार्डिनरच्या पत्रातून कळतं, डोळ्यांपुढे घडत नाही. एलिझाबेथची मैत्रीण शार्लट लूकस त्या कॉलिन्सशी लग्न करून खरंच समाधानी आहे का? एलिझाबेथ तिच्या घरी राहून येते आणि तरी आपल्याला पक्कं कळत नाही. आणि सर्वांत मोठी जागा म्हणजे ५८वं प्रकरण. डार्सी दुसऱ्यांदा लग्नाचं विचारतो, त्याचे शब्द आपण ऐकतो, पण एलिझाबेथचं उत्तर लेखिका स्वतःच्या शब्दांत, दोन ओळींत गुंडाळून सांगते. एवढी ताणलेली गोष्ट, आणि नायिकेचा होकार तिच्या तोंडून ऐकायलाच मिळत नाही! लोक तो प्रसंग पुन्हा पुन्हा लिहीत आहेत याचं मला जरासुद्धा नवल वाटत नाही.

दुसरी कादंबरी म्हणून मी ‘पर्स्वेजन’ सुचवेन. सत्तावीस वर्षांची ॲन एलियट, आठ वर्षांपूर्वी घरोब्याच्या वडीलधाऱ्या बाईंच्या सल्ल्यावरून मोडलेलं लग्न, आणि तोच माणूस आता नौदलात नाव आणि पैसा कमावून परत आलेला. पुस्तक लहान आहे आणि त्यातलं कॅप्टन वेंटवर्थचं पत्र वाचल्यावर तुम्ही आपोआप या गोटात सामील व्हाल.

पायरी २: पैशाचा हिशेब समजून घ्या

नवख्या वाचकांचं या पायरीकडे दुर्लक्ष होतं, आणि माझ्या मते सगळ्याची किल्ली इथेच आहे. ऑस्टिनच्या जगात जवळजवळ प्रत्येक माणसाबरोबर त्याच्या उत्पन्नाचा आकडा येतो. डार्सीचं वर्षाचं उत्पन्न १०,००० पौंड. त्याचा मित्र बिंगली, त्याचं चार ते पाच हजार. मिस्टर बेनेटचं २,०००, पण त्यांची इस्टेट अशा अटीने बांधलेली की ती मुलींना मिळणार नाही, पुरुष वारस म्हणून दूरच्या कॉलिन्सकडे जाणार. मुलींसाठी आणि आईसाठी मिळून बाजूला ठेवलेली रक्कम ५,००० पौंड. एलिझाबेथच्या वाट्याला त्यातले १,०००, चार टक्क्यांनी गुंतवलेले आणि तेही आई गेल्यानंतर. हे सगळं कॉलिन्स तिला मागणी घालताना तोंडावर सांगतो. म्हणजे वर्षाला ४० पौंड.

आता पुन्हा विचार करा. वडील उद्या गेले तर घर जाणार, आणि ही मुलगी आधी कॉलिन्सला नकार देते, म्हणजे तेच घर नाकारते. मग डार्सीला नकार देते, म्हणजे वर्षाचे दहा हजार नाकारते. हा हिशेब डोक्यात असेल तर हन्सफर्डच्या, म्हणजे कॉलिन्सच्या गावी डार्सी पहिल्यांदा मागणी घालतो त्या प्रसंगाचा ताण कळतो. नसेल तर ते दोन देखण्या माणसांचं भांडण होऊन बसतं. शार्लट सत्तावीस वर्षांची आहे, स्वतःचा पैसा नाही, म्हणून ती कॉलिन्सला हो म्हणते, आणि ऑस्टिन तिला त्याबद्दल शिक्षा करत नाही.

स्थळ आलं की पगार किती, घर स्वतःचं का, मागे भावंडं किती हे विचारणाऱ्या घरांत वाढलेल्या मराठी वाचकाला ही बाजू लवकर उमगते. तो आपला फायदाच आहे.

‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’चं दुसरं प्रकरण या दृष्टीने मुद्दाम वाचा. वडिलांना मरताना दिलेल्या शब्दाखातर जॉन डॅशवुड सावत्र बहिणींना ३,००० पौंड द्यायचं ठरवतो. बायको बोलत राहते. तीन हजारांचे दीड हजार होतात, मग आईला वर्षाला शंभर, मग अधूनमधून पन्नास, आणि शेवटी सामान हलवायला मदत आणि हंगामात थोडे मासे नि शिकार. एका संभाषणात चार बायकांचं भवितव्य संपतं. मला तरी यापेक्षा भेदक असं लिखाण फार थोडं माहीत आहे.

बाकी काही गोष्टी ओघाने कळतील, पण एवढ्या आधीच ठाऊक असू द्या. रीजन्सी म्हणजे १८११ ते १८२०, राजा तिसरा जॉर्ज आजारी असल्याने मुलाने राजप्रतिनिधी म्हणून कारभार पाहिला तो काळ. लग्न ठरलेलं नसताना तरुण-तरुणींनी एकमेकांना पत्र लिहिणं गैर, म्हणूनच डार्सी आपलं पत्र स्वतः हातात आणून देतो. टपालाचा खर्च साधारणपणे पत्र घेणाऱ्याच्या माथी. सर्वांत थोरली बहीण नुसती ‘मिस बेनेट’, धाकट्यांना नावासकट हाक. आणि पळून जाणारी जोडपी स्कॉटलंडच्या हद्दीवरच्या ग्रेटना ग्रीनला धावतात, कारण इंग्लंडमधला विवाहाचा कडक कायदा तिथे चालत नाही.

पायरी ३: पडद्यावरची रूपं पाहा, पण तपासत पाहा

१९९५ हे वर्ष लक्षात ठेवा. त्या एका वर्षात बीबीसीची सहा भागांची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ आली, एमा थॉम्पसनने लिहिलेला आणि अँग लीने दिग्दर्शित केलेला ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’ आला, ‘पर्स्वेजन’ आला आणि ‘एमा’ला बेव्हर्ली हिल्सच्या शाळेत नेणारा ‘क्लूलेस’ही आला. आजचं बरंचसं फॅन-जग त्या लाटेवर उभं राहिलं. कॉलिन फर्थचा डार्सी तळ्यात उडी मारून ओल्या सदऱ्याने बाहेर येतो, तो प्रसंग पुस्तकात मुळीच नाही. तरी फॅनफिक्शनमध्ये तळं सतत भेटतं. कुठून आलं ते आता तुम्हाला माहीत आहे.

आपल्याकडेही हे धागे आहेत. १९८५ साली दूरदर्शनवर बासू चॅटर्जींची ‘तृष्णा’ लागायची. ती ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’वरच बेतलेली होती. आई-मावशींना विचारून पाहा, कुणाला तरी आठवेल. २००० सालचा राजीव मेननचा तमिळ ‘कंडुकोंडेन कंडुकोंडेन’ (मूळ ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’) मला आपल्या भूमीवरच्या रूपांतरांत सर्वांत सरस वाटतो. घर हातचं जातं, आई आणि मुली चेन्नईला येतात, नोकरी शोधतात. कर्नल ब्रँडनच्या जागी मामुट्टीचा मेजर आहे, श्रीलंकेत शांतिसेनेत असताना पाय गमावलेला. गुरिंदर चढ्ढाच्या ‘ब्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये (२००४) बेनेट कुटुंब अमृतसरचं बक्षी कुटुंब होतं आणि कॉलिन्सचा झाला आहे लॉस एंजेलिसला स्थायिक झालेला कोहली. तो बदल अचूक बसतो, कारण परदेशातलं स्थळ म्हणजे नेमकं काय आमिष असतं हे प्रेक्षकाला सांगावं लागत नाही. ‘आयशा’ (२०१०) दिल्लीच्या श्रीमंत वर्तुळात ‘एमा’ मांडते. कपडे आणि गाड्या डोळ्यांत भरतात, पण एमाला आपल्या चुकीची जी खोल लाज वाटते, तिथपर्यंत मला तो सिनेमा पोचलेला वाटत नाही.

यूट्यूबवरची ‘द लिझी बेनेट डायरीज’ (२०१२-१३) अवश्य पाहा. शंभर छोटे भाग, कॅमेऱ्यासमोर बसून बोलणारी लिझी. इथे कॉलिन्स लग्नाची मागणी घालत नाही, कंपनीत भागीदारी देऊ करतो. लिझी नाही म्हणते, शार्लट हो म्हणते. आजच्या मुलीला पोटापाण्यासाठी लग्न करावं लागत नसेल, तर तिची अगतिकता कुठे दिसेल? नोकरीत, डोक्यावरच्या शिक्षणकर्जात. दुसऱ्या पायरीत सांगितलेला हिशेब ज्याने जपला, त्याचंच रूपांतर उभं राहतं, असं मी ठामपणे म्हणेन.

पायरी ४: छापील पुस्तकांतून आपली आवड ओळखा

सगळंच वाचायला जाऊ नका. आधी आपल्याला कोणता प्रकार भावतो ते शोधा.

मूळ गोष्ट दुसऱ्या कोनातून: जो बेकरची ‘लाँगबर्न’ (२०१३). एलिझाबेथ तीन मैल चिखलातून नेदरफिल्डला, बिंगलीच्या घरी, चालत जाते आणि आपण तिच्या धिटाईचं कौतुक करतो. त्या चिखलाने भरलेला परकर धुणारे हात कुणाचे, हे या कादंबरीत कळतं. स्वयंपाकघरातली सारा ही इथली नायिका. या साऱ्या दालनातलं एकच पुस्तक घ्यायचं असेल तर हे घ्या. जॅनिस हॅडलोची ‘द अदर बेनेट सिस्टर’ (२०२०) मेरीला न्याय देते. ती मोठी आहे, सावकाश वाचावी.

पुढची गोष्ट: पी. डी. जेम्स या रहस्यकथांच्या बुजुर्ग लेखिकेने नव्वदी ओलांडल्यावर ‘डेथ कम्स टू पेंबर्ली’ (२०११) लिहिली. लग्नाला सहा वर्षं झालेली, पेंबर्लीच्या रानात खून.

आजच्या काळातली गोष्ट: हेलन फील्डिंगची ‘ब्रिजेट जोन्सेस डायरी’ (१९९६) सर्वांना माहीत आहे. आपल्या जवळची म्हणून सोनिया कमाल यांची ‘अनमॅरिजेबल’ (२०१९) वाचा. पाकिस्तानातलं गाव, इंग्रजी शिकवणारी ॲलिस बिनत, आणि दार्सी. महेश राव यांची ‘पोलाइट सोसायटी’ दिल्लीतली ‘एमा’ आहे. उझ्मा जलालुद्दीन यांची ‘आयेशा ॲट लास्ट’ टोरांटोच्या मुस्लिम वस्तीत घडते. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस अँड झॉम्बीज’ (२००९) मात्र मूळ मजकूर बराचसा तसाच ठेवून त्यात झॉम्बी पेरते. ज्यांना आवडेल त्यांनी वाचावी.

‘ब्रिजर्टन’ ही मालिका पाहून इकडे आला असाल तर एक फरक लक्षात घ्या. ड्यूक, मोठे बॉल आणि लंडनचा मोसम यांची रीजन्सी प्रणयकथा जॉर्जेट हेअर या लेखिकेच्या वाटेने आलेली आहे. तिची ‘रीजन्सी बक’ १९३५ सालची. ऑस्टिनच्या एकाही नायकाला सरदारकीचा किताब नाही. तिचं जग खेड्यातल्या तीन-चार कुटुंबांचं.

पायरी ५: फॅनफिक्शन वाचायला लागा

या गोटात त्याला ‘जॅफ’ म्हणतात, जेन ऑस्टिन फॅन फिक्शनची आद्याक्षरं. त्यातला सर्वांत लोकप्रिय प्रकार ‘व्हेरिएशन’. मूळ गोष्ट एका ठिकाणी वळवायची आणि मग काय होतं ते पाहायचं. वळणाच्या जागा ठरलेल्या आहेत. मेरिटनच्या नाचात डार्सीचं ते तोडून बोलणं एलिझाबेथच्या कानावर पडलंच नाही तर? जेन आजारी पडल्यावर बहिणी नेदरफिल्डला जास्त दिवस अडकल्या तर? हन्सफर्डला, म्हणजे ३४व्या प्रकरणात, ती रागाच्या भरात न बोलता गप्प राहिली तर? पत्र तिसऱ्याच्याच हाती लागलं तर? गोष्टीच्या वर्णनात नुसतं ‘हन्सफर्ड’ लिहिलेलं दिसलं की हे सगळं त्यात आलं. ‘ओडीसी’ म्हणजे आपलं लाडकं जोडपं. लोकांनी एकत्र पाहिलं म्हणून अब्रूसाठी घाईने लग्न लावलं जातं, तो ‘कॉम्प्रोमाइज’ प्रकार. तो भरपूर मिळेल.

आणखी दोन शब्द: ‘कॅनन’ म्हणजे ऑस्टिनने लिहिलेलं, ‘फॅनन’ म्हणजे वाचकांनी आपसांत रूढ केलेलं. मिस्टर बेनेटचं पाळण्यातलं नाव कादंबरीत कुठेच नाही, पण फॅनफिक्शनमध्ये ते जवळजवळ नेहमी थॉमस असतात आणि मिसेस बेनेट फॅनी. कर्नल फिट्झविल्यम रिचर्ड असतो, त्याचे वडील मॅटलॉकचे अर्ल असतात. हे सगळं फॅनन. मूळ पुस्तक वाचलेलं असलं की हे पाहून गोंधळ होत नाही.

वाचायला ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ हे संकेतस्थळ सोयीचं आहे. तिथे पूर्ण झालेल्या गोष्टी वेगळ्या काढता येतात. सुरुवातीला तेवढ्याच वाचा, नाहीतर पेंबर्लीच्या दारात गोष्ट वर्षानुवर्षं थांबलेली सापडते. वयोगटाची खूण आणि टॅग आधी पाहा. एखादी आवडती गोष्ट अचानक नाहीशी झाली तर बहुधा लेखिकेने ती ई-बुक म्हणून विकायला काढलेली असते. ऑस्टिनच्या लिखाणावरचा कॉपीराइट केव्हाच संपला आहे, त्यामुळे हे कायदेशीर आहे आणि हा प्रांत इतका फोफावण्याचं ते एक मोठं कारण आहे. नव्या सिनेमा-मालिकांनी स्वतः घातलेल्या गोष्टींवर मात्र त्यांचा हक्क असतो.

गोष्ट आवडली तर खाली दोन ओळी जरूर लिहा, आणि नेमकं काय आवडलं ते सांगा. पुढचा भाग कधी म्हणून मागे लागू नका. कुणाची गोष्ट मराठीत आणावीशी वाटली तर आधी परवानगी विचारा.

पायरी ६: माणसं शोधा

ऑस्टिनच्या भक्तांना ‘जेनाइट’ म्हणतात. पहिल्या महायुद्धाच्या खंदकांतल्या जेनाइट सैनिकांवर किपलिंगने १९२४ मध्ये कथा लिहिली आहे. ब्रिटनमधली सोसायटी १९४०ची, उत्तर अमेरिकेतली १९७९ची. अमेरिकेत किंवा कॅनडात असाल तर या दुसरीच्या स्थानिक शाखा सापडतील. तिच्या ‘पर्स्वेजन्स’ या नियतकालिकाचा ऑनलाइन भाग कुणालाही फुकट वाचता येतो. पाकिस्तानातही सोसायटी आहे, आणि तिच्यातून ‘ऑस्टेनिस्तान’ (२०१७) हा कथासंग्रह आला. इंग्लंडला जाणं झालं तर ऑस्टिनचं चॉटनचं घर चुकवू नका. १९४९ पासून ते संग्रहालय आहे. तिचं लिहायचं मेज तिथे आहे, एवढंसं की त्यावर कादंबऱ्या लिहिल्या गेल्या यावर विश्वास बसत नाही. बाथला दर सप्टेंबरात उत्सव भरतो आणि शेकडो लोक त्या काळचे कपडे घालून रस्त्यातून चालतात.

जवळपास कुणी नसेल तर तीन-चार जणींचा गट करा आणि आठवड्याला पाच प्रकरणं वाचा.

पायरी ७: स्वतः लिहा, मराठीत लिहा

पहिल्या पायरीत पेन्सिलीने केलेल्या खुणा काढा. त्यातली एकच निवडा. हजार शब्दांत मावेल असा एकच प्रसंग, एकच खोली, दोन किंवा तीन माणसं. शार्लट लग्नानंतर पहिल्यांदा घरखर्चाची वही उघडते आहे. लिडिया विकहॅमबरोबर लंडनच्या भाड्याच्या खोलीत तिसरा दिवस काढते आहे. ‘मॅन्सफिल्ड पार्क’मध्ये फॅनी गुलामांच्या व्यापाराबद्दल मावशीच्या यजमानांना विचारते आणि खोलीत कुणीच बोलत नाही. त्या शांततेत कोण काय विचार करत होतं?

प्रसंग निवडला की कागदावर तीन गोष्टी लिहा: या माणसाकडे पैसा किती, तो कुणाच्या हातात, आणि आज त्याला काय गमवायची भीती आहे. मग लिहायला बसा.

गोष्ट इंग्लंडमध्येच ठेवा किंवा कोल्हापुरात आणा, दोन्ही चालेल. आणणार असाल तर इस्टेटीच्या अटीची जागा कोण घेईल ते आधी ठरवा: भाऊबंदकीचा दावा, पागडीची खोली, सोसायटीतला फ्लॅट. ती जागा भरली नाही तर गोष्ट लंगडी पडते. इंग्लंडमध्ये ठेवली तर कोण कुणाला ‘तुम्ही’ म्हणतं आणि ‘तू’वर कधी येतं, हे पात्रांच्या यादीसमोर लिहून ठेवा आणि शेवटपर्यंत पाळा.

लिहून झालं की मूळ कादंबरी चांगली वाचलेल्या एका व्यक्तीला दाखवा. या गोटात तिला ‘बीटा’ म्हणतात. तारखा, अंतरं, नात्यातली हाक, कोण कुणाला आधी भेटलंय, हे तपासायला सांगा. भागाभागाने टाकणार असाल तर शेवटचा भाग आधी लिहून ठेवा आणि मगच पहिला टाका. भाषा मराठी म्हणून नोंदवायला विसरू नका, म्हणजे पुढे शोधणारीला ती सापडेल.